उघडं डोकं

आई गेली तेव्हा मे महिना होता, आणि सोलापुरात मे महिन्यात माणूस घरात फार वेळ ठेवता येत नाही.

आमच्याकडे बाई नवऱ्याआधी गेली, की तिच्या माहेरचं हिरवं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. ते लुगडं तिच्या भावाने आणायचं असतं. अकलूजला हिंदुरावमामांना पहाटेच तार केली होती. आबा थांबले. गिरणीच्या लोकांनी बर्फाची लादी आणली, ती वितळून पाणी उंबऱ्याबाहेर गेलं, दुसरी आणली. दुपार कलली तेव्हा गिरणीत आबांच्या शेजारच्या मागावर काम करणारे रावजी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी हळू बोलले. आबांनी मान डोलावली. शेजारची काशम्मा विड्या वळायचं सूप बाजूला ठेवून उठली आणि स्वतःच्या पेटीतलं नवं हिरवं लुगडं घेऊन आली. ते नेसवून आईला नेलं.

मामा दिवस मावळताना आले. काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. आम्ही स्मशानातून परत येऊन दारात कडुलिंबाचा पाला चावत उभे होतो. मामांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"लावली?" ते म्हणाले.

"थांबलो होतो, हिंदुराव," आबा म्हणाले. "ऊन लई होतं."

"ऊन." मामांनी तो शब्द नुसता परत उच्चारला आणि काखेतलं लुगडं उराशी धरून ते ओट्यावर बसले. आमच्या घरचं पाणीसुद्धा ते प्याले नाहीत.

तेराव्याला ते पुन्हा आले, कारण त्या दिवशी त्यांचं काम होतं. बायको गेलेल्या माणसाचं डोकं तेरा दिवस उघडं राहतं. तेराव्याला मेहुणा त्याच्या डोक्याला दुखवट्याचा फेटा बांधतो, मग तो माणूस पुन्हा चारचौघांत येतो. आबा पाटावर बसले होते. मामांनी आणलेला फेटा ताटात होता. मामांनी तो उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि पिशवीत परत ठेवला.

"माझं लुगडं माझ्या हातात ऱ्हायलं," ते म्हणाले. "तुमचं डोकं बी ऱ्हाऊ द्या तसंच, दाजी."

रावजी उठले. "आण रे कुणीतरी फेटा. मी बांधतो. मी काय परका हाय व्हय?"

"बस, रावजी," आबा म्हणाले. "ज्याचं काम त्यानंच करायचं असतं."

त्या दिवसापासून आबा उघड्या डोक्याने फिरू लागले. फेट्याशिवाय मी त्यांना आई जाईपर्यंत फक्त झोपलेलं पाहिलं होतं. कपाळाचा वरचा भाग पांढरट होता, खालचा रापलेला, मधे रेघ. टक्कल चांगलंच होतं. टोपी घाला म्हटलं तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मी शाळेत शिकवते, पुस्तकं वाचते, माणसं स्वतःला शिक्षा का करून घेतात याबद्दल थोरामोठ्यांनी काय काय लिहिलंय ते मला माहीत होतं. त्याचा आमच्या एका खोलीत काही उपयोग नव्हता. आबा शिक्षा भोगत होते असंही मला वाटत नाही. मामांनी एक गोष्ट मागितली होती आणि ती त्यांना देता येण्यासारखी होती, एवढंच.

पावसाळ्यात गिरणीने जुन्या मागांचं खातं बंद केलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना सांगितलं, की घरी जा, नाहीतर पहारेकरी व्हा. पहारेकरी व्हायचं तर आधी काठी शिकायची आणि दसऱ्याला साहेबांपुढे परीक्षा द्यायची. डॉक्टरचा दाखला हवा, अंगात काही खोट नको. आणखी एक होतं. आमची खोली गिरणीच्या चाळीतली होती. नोकरी गेली की खोली जाणार होती, आणि त्या खोलीतल्या भिंतीवर आईच्या हातची तेलाची बोटं अजून होती. आबांनी पहारा घेतला.

काठी शिकवायला पलटणीतून परत आलेला एक हवालदार नेमला होता, अक्कलकोटकडचा चनबसप्पा. चाळीमागच्या पटांगणात सकाळी शिकवणी व्हायची. आमच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. खिडकीला गज होते. मी गजांच्या अलीकडे उभी राहून शाळेला जाण्याआधी वेणी घालत असे, आणि पलीकडे आयुष्यभर तुटलेला धागा जोडत आलेली म्हातारी माणसं काठ्या घेऊन धापा टाकत असत.

"जोतीरामअण्णा," काशम्मा दारातून ओरडायची, "चोर आला की त्याला काय सांगणार? थांब रे बाबा, माझी कंबर धरली?"

"तूच ये की मदतीला," आबा म्हणायचे. "तुझा आवाज ऐकून चोर गिरणीच सोडून जाईल."

आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच असं काही बोलत होते. मला बरं वाटलं. शिकणं त्यांना आवडत होतं. आजवर हात मागावर चालले होते. आता अख्खं अंग चालत होतं. संध्याकाळी ते मला भिंतीशी उभं करून लाटण्याने वार कसा अडवायचा ते दाखवायचे.

पहिल्याच आठवड्यात चनबसप्पाने सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. गिरणीतल्या रद्दी सुताची जाड गादी करून ती त्याने ज्याच्या त्याच्या डोक्यावर ठेवली आणि वरून फेटा आवळून बांधायला लावला.

"मोदलु तली, आमेले कोलु," तो म्हणाला. "आधी डोकं, मग काठी. हात मोडला तर जुळतो. हे मडकं फुटलं तर कुंभार न्हाई."

आबांपाशी येऊन तो थांबला. "फेटा कुठाय?"

"न्हाय."

"आन मग."

"आणता येत न्हाय, हवालदार. दुखवट्यात हाय मी. मेहुण्यानं बांधला न्हाय."

चनबसप्पाच्या लोकांत सुतक पाळत नाहीत. त्याने दोनदा ऐकून घेतलं आणि हातातली सुताची गादी उलटसुलट केली. "मग ही नुसती ठेवू? दोरीनं बांधू?"

"डोक्याला काय बी बांधायचं न्हाय."

"उघड्या डोक्यावर मी काठी चालवू देत न्हाई."

"मग मला घरी जावं लागंल," आबा म्हणाले.

दोघेही खरं बोलत होते. शेवटी असं ठरलं, की आबांनी सगळं शिकायचं, पण डोक्यावरचा वार त्यांच्याशी हळू खेळायचा आणि काठी वीतभर वरच थांबवायची. रावजी त्यांचे जोडीदार झाले.

"तुझं डोकं बघूनच चोर पळंल बघ," रावजी म्हणायचे. "म्हणंल, गिरणीनं बाहेर दिवा लावलाय."

सगळे हसायचे, आबाही. मी खिडकीत अर्धी वेणी हातात धरून उभी असायची. रावजींची काठी वर जायची, खाली यायची, आणि त्या चकचकीत डोक्यावर वीतभर थांबायची. रोज थांबायची.

मग एका सकाळी सिक्युरिटीचे साहेब पाहायला आले. त्यांना ती थांबणारी काठी दिसली. परीक्षेत वार पूर्ण जोराचा असेल, त्यांनी सांगितलं, आणि ज्याला तो अडवता येणार नाही त्याला घेता येणार नाही. सवलत कुणालाच नाही. चनबसप्पाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. दुखवट्याचं साहेबांना सांगितलं असतं तर साहेब म्हणाले असते, मग सोडा काठी. दुसऱ्या दिवसापासून आबा रावजींकडून पुऱ्या जोराचा वार मागून घेऊ लागले.

त्या रविवारी मी अकलूजची एसटी धरली. आबांना सांगितलं, शाळेचं काम आहे.

मामा साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर नोकरीला होते. मी गेले तेव्हा ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. गोजरामामी मला पाहून रडल्या, मला जवळ घेतलं आणि आत जाऊन चहा टाकला. मामा कातरतच राहिले.

"कशी हायस?"

"बरी आहे. आबांसाठी आलेय."

"दाजींनी पाठवलं?"

"त्यांना माहीत नाही." मग मी सगळं सांगितलं. गिरणी, काठी, साहेब, उघडं डोकं.

मामांचा अडकित्ता थांबला. "उघडं म्हंजी? टोपी बी न्हाय?"

"नाही."

"पावसात?"

"पावसातही."

"बाजारात जाताना?"

"मामा, तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून त्यांनी डोक्याला काही लावलेलं नाही."

"आगं, मी रागात बोललो की," ते म्हणाले. "मला वाटलं, चार दिवस ऱ्हाईल, मग बांधंल कुणाकडनं तरी. मग मी म्हणायला मोकळा, की बघा, माझी गरज न्हाय ह्यास्नी. मी तर तेच म्हणत बसलोय हितं."

"तुमी धरून बसलात, तसं त्यांनी बी धरलं," मामी आतून म्हणाल्या. "दोघं बी एका माळंचं मणी. ती बिचारी मधल्यामधी सुटली."

"तू गप."

"गप कशापायी? ते लुगडं माझ्या ट्रंकेत हाय. ट्रंक उघडली की माझ्या अंगावर येतं ते. उद्या दाजींचं डोकं फुटलं तर ते बी ट्रंकेतच ठेवू का?"

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "येतो मी," ते म्हणाले. "बांधतो फेटा. चुकलं माझं असं म्हणणार न्हाय, पण बांधतो."

"आज चला," मी म्हटलं. "संध्याकाळची गाडी आहे."

"आज कसा? पितरं लागली की. पितरात नवं कापड कुणी डोक्याला लावतं व्हय? घट बसतील त्या दिवशी सकाळी येतो. पयल्या गाडीनं."

"तोपर्यंत रोज काठ्या चालतील, मामा."

"मग मी काय करू, पोरी? शास्तर मी केलंय का?"

माझं लक्ष त्यांच्या डोक्याकडे गेलं. त्यांचा फेटा धुवून धुवून पिवळट झाला होता, कडेला विरला होता. "नवं नको ना?" मी म्हटलं. "मग हा द्या. हा जुना आहे. तुम्हीच येऊन हाच बांधा."

मामांचा हात आपोआप फेट्यावर गेला, वारा सुटल्यावर जातो तसा. "हा?" ते म्हणाले. "डोक्यावरचा उतरवून? आणि तो बी दुखवट्याला? गाव शेण घालंल तोंडात. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला जुनं फडकं?"

मामींनीही मान खाली घातली. यावर त्यांचंही दुसरं मत नव्हतं. मी चहा प्यायले. येताना त्यांनी माझ्या पिशवीत शेंगांची पुरचुंडी घातली, आणि मामा फाट्यापर्यंत पोचवायला आले. एसटी सुटेपर्यंत ते खाली उभे होते. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. ते घटाच्या दिवशी नक्की येणार होते. म्हणूनच मला गाडीत बसून कोंडल्यासारखं झालं. भांडायला समोर कुणी वाईट माणूसच नव्हता.

पितरांच्या दुसऱ्या आठवड्यात ते घडलं. मी पाहत होते. रावजींनी वार केला, आबांनी काठी आडवी धरली, पण पाय ओल्या मातीत सरकला आणि काठी तिरकी झाली. रावजींची काठी तिच्यावरून घसरून डोक्याच्या डाव्या बाजूला लागली. आवाज मोठा नव्हता. आबा खाली बसले, मग उठले. मी खिडकी सोडून पळत गेले तोवर ते हसत होते.

"मेलो न्हाय अजून," ते रावजींना सांगत होते. रावजींच्याच डोळ्यांत पाणी होतं.

चनबसप्पाने बोटांनी डोकं चाचपलं. कानाच्या वर आवळ्याएवढं टेंगूळ आलं होतं. "बाहेर आलं. बाहेर आलं म्हंजे आत काई न्हाई. बाई, घाबरू नका."

हे सगळ्यांनाच माहीत होतं. काशम्मानेही तेच सांगितलं, हळद-चुना गरम करून लावताना. टेंगूळ बाहेर आलं की भीती गेली. मीही लहानपणापासून हेच ऐकत आले होते. तरी मी दवाखान्यात जाऊ म्हटलं.

"गिरणीच्या दवाखान्यात?" आबा म्हणाले. "आणि तिथं काय सांगू? डोक्याला लागलंय? मग दाखला देईल होय तो?"

"दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ."

"वच्छे, उलटी न्हाय, चक्कर न्हाय. भूक लागलीय. वाढ."

ते पोटभर जेवले. चनबसप्पाने त्यांना त्या आठवड्यात काठी धरू दिली नाही, नुसतं बसून बघायला लावलं. टेंगूळ बसलं. घट बसले.

मामा खरंच पहिल्या गाडीने आले. सोबत मामी होत्या, नवा फेटा होता, पांढरा, बारीक जरीच्या काठाचा. आबा अंघोळ करून पाटावर बसले. मामांनी त्यांच्या डोक्याला फेटा बांधला, एकेक वेढा ओढून, दाबून, जन्मभर ऊस तोललेल्या हातांनी. शेवटचा पदर खोचून त्यांनी तो तळहाताने दाबला.

"घट्ट झाला का, दाजी?"

"असू दे," आबा म्हणाले. "सुटणार तरी न्हाय."

मग दोघे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून जेवायला बसले, आणि मामा आमच्या घरचं पाणी प्याले. रावजी दारातून म्हणाले, "आता कसं, दिवा विझला." आबा त्या दिवशी ताठ चालत होते. चाळीतली माणसं त्यांना उगीच हाका मारत होती. मलाही वाटलं, सुटलो.

दसऱ्याला ते परीक्षा पास झाले. फेट्याच्या आत चनबसप्पाची सुताची गादी कोंबली होती, वार पूर्ण जोराचा होता, आणि त्यांनी तो अडवला.

डोकं दुखायला त्याआधीच लागलं होतं. फेटा बांधल्यावर चार-पाच दिवसांनी. सकाळी जास्त, मग कमी व्हायचं. सगळ्यांना कारण समोर दिसत होतं. इतके महिने डोकं उघडं होतं, आता एकदम फेटा. सवय मोडली, दुखणारच.

"सैल करा थोडा," मी म्हणायची.

"हिंदुरावाच्या हातची गाठ हाय," आबा म्हणायचे. "वर्षश्राद्धापर्यंत मोडायची न्हाय."

ते फेटा सोडून पुन्हा बांधतच नव्हते. रात्री बांधलेला तसाच उचलून खुंटीवर ठेवायचे, सकाळी टोपीसारखा डोक्यावर चढवायचे. त्यामुळे तो कधी सैल होत नव्हता. कपाळावर त्याचा लाल वळ असायचा, आणि त्या वळाकडे बोट दाखवून काशम्मा म्हणायची, "हे बघ, हे दुखणं. मेहुण्याचं प्रेम कपाळावर बसलंय."

दुखणं हटेना तेव्हा मी त्यांना गिरणीच्या दवाखान्यात नेलं. आता नोकरी लागलेली होती, दाखल्याची भीती नव्हती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांखालची कातडी ओढली. "कुठे मार वगैरे?"

"न्हाय," आबा म्हणाले.

"लागलं होतं," मी म्हटलं. "काठी लागली होती. महिना होत आला."

डॉक्टरांनी डोकं दाबून पाहिलं. काही नव्हतं. "महिन्यापूर्वीचा मार आता कसा दुखेल? हा फेटा केवढा आवळलाय ते पाहा." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि फेटा सैल बांधायला सांगितलं. परत येताना आबा माझ्यावर चिडले होते. "डॉक्टरला काय सांगायचं ते तुला कळत न्हाय," एवढंच बोलले.

त्या घरात मग माझा जीव घुसमटू लागला. आबांना वहीचं पान उलटल्याचा आवाज सहन होईना. दिवा लावला की ते भिंतीकडे वळायचे. मी अंधारात बसायची. ते फार झोपू लागले. पहाऱ्यावरून आले की तसेच आडवे व्हायचे. काठी दोनदा हातातून पडली म्हणून रावजी सांगत आले, हसत हसतच, पण हसू पुरं नव्हतं. एकदा त्यांनी मला "सारजा" म्हणून हाक मारली. आईचं नाव. मी ओ दिली. त्यांना काही वेगळं झाल्यासारखं वाटलं नाही. एकदा एकच चप्पल घालून निघाले. मी मागून दुसरी नेऊन दिली तर पायाकडे पाहून म्हणाले, "हा पाय ऐकत न्हाय."

शहरात दुसरा डॉक्टर पाहायचा मी धोशा लावला. ते म्हणाले, दिवाळी होऊ दे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत नीट. डोळे उघडे होते, पण उजवा हात अंथरुणावर तसाच पडून राहिला. मी काशम्माला हाक मारली. रावजी आणि चनबसप्पा टांगा घेऊन आले. त्या गडबडीत आबांनी डाव्या हाताने खुंटीकडे खूण केली. फेटा घातल्याशिवाय ते निघायला तयार नव्हते. रावजींनी तो त्यांच्या डोक्यावर ठेवला.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण सर्जन होते. त्यांनी चनबसप्पाला विचारलं, मला विचारलं, तारीख विचारली. बाहुल्यांवर बॅटरी धरली. "डोक्यात आत रक्त साठत गेलेलं दिसतंय," ते म्हणाले. "हळूहळू. वय झालं की असं होतं, मार लहानसाही पुरतो. इथे हे ऑपरेशन होत नाही. पुण्याला न्या, आत्ताच. पण आधी मला डोकं पाहू दे."

वॉर्डबॉयने फेट्याला हात लावला. आबांचा डावा हात वर आला आणि त्यांनी फेटा धरला. माणूस बोलू शकत नव्हता, पण पकड मागवाल्याची होती. वॉर्डबॉयने कात्री आणली.

"कापू नका," मी म्हटलं. "मी सोडते."

मी त्यांची बोटं एकेक करून उचलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला की आईला ते मला माहीत नाही, आणि हात खाली घेतला. तसाच ओढला असता तर डोक्याला हिसका बसला असता, म्हणून मी मामांनी खोचलेला पदर काढला आणि एकेक वेढा सोडत गेले. किती लांब कापड होतं ते. सगळ्यात आत कपाळावरचा वळ होता. तो माझ्यासमोर हळूहळू फिका झाला. आबांनी डोळे मिटले.

"हलकं," ते म्हणाले. जीभ जड होती, पण तो शब्द स्पष्ट आला.

चनबसप्पा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मोटार रावजींनी मिळवली. दवाखान्यातूनच अकलूजच्या कारखान्याला फोन लावून मामांनी पुण्याच्या रस्त्यावर गाठावं असा निरोप ठेवला, तो पोचेल की नाही ठाऊक नव्हतं. मागच्या सीटवर मी आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. काचा वर होत्या, कारण वारा त्यांना सोसत नव्हता. रस्ता खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्याला ते डोकं माझ्या हातात हलायचं आणि त्यांच्या तोंडून बारीक आवाज यायचा. मी दोन्ही तळहात कानांवर धरून ते स्थिर ठेवायचा प्रयत्न करत होते. मला दुसरं काही करता येत नव्हतं. सोडलेला फेटा घाईत दवाखान्याच्या बाकावरच राहिला होता.

टेंभुर्णीच्या फाट्यावर, जिथे अकलूजचा रस्ता मिळतो, तिथे मामा रस्त्याच्या मधोमध उभे होते. ड्रायव्हरने ब्रेक मारला. मामा दार उघडून आत आले आणि आबांच्या डोक्याकडे पाहून थबकले.

"फेटा कुणी सोडला?"

"मी."

गाडी सुटली. पहिला खड्डा आला, आबांचं डोकं हललं, तो बारीक आवाज झाला. मामांनी तो ऐकला. दुसऱ्या खड्ड्याला त्यांनी पुन्हा ऐकला. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा, तो धुवून पिवळा पडलेला, विरलेला, दोन्ही हातांनी उतरवला, गोल चुंबळ केली आणि माझ्या मांडीवर आबांच्या डोक्याखाली सरकवली.

"आता धर," ते म्हणाले. "आता हलणार न्हाय."

खरंच हललं नाही. मामांचं डोकं मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांच्याही कपाळाला तशीच रेघ होती. ते आबांचे पाय मांडीवर घेऊन बसले आणि पुढच्या काचेतून रस्त्याकडे पाहत, खड्डा दिसला की ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून सांगत राहिले, हळू, बाबा, हळू.

इंदापूर यायच्या आत आबा गेले. मला ते तळहातांना कळलं. मी मामांना सांगितलं. पुढे बसलेल्या रावजींनी डोकं डॅशबोर्डला टेकवलं. ड्रायव्हरने गाडी बाभळीच्या सावलीत घेतली आणि विचारलं, "माघारी फिरवू?"

मामा आबांच्या डोक्याखालची चुंबळ नीट करत होते, अजून रस्ता बाकी असल्यासारखी. या वेळी तार पाठवायची नव्हती. अकलूजचं माणूस आधीच आलं होतं.

"फिरवा," मी म्हटलं.